ट्रंकेतल्या फोटोतला मराठवाडा

मागच्या उन्हाळ्यात नरसीला गेलो होतो. हिंगोली जिल्ह्यातले नरसी नामदेव हे माझे आजोळ. मामूंनी जुने मातीचे घर उतरवून स्लॅबचे बांधायला काढले होते. माळवद उतरवण्याआधी आतल्या खोलीतले सगळे सामान अंगणात आणून ठेवलेले. त्यात एक पत्र्याची ट्रंक होती. आत विरलेली गोधडी, शेतसाऱ्याच्या पावत्या, एक अडकित्ता आणि तळाशी वीतभर लांबीचा काळपट पुठ्ठा. घरातल्या एका पोरीने तो कचऱ्याच्या ढिगाकडे नेला, तशी अम्मी ओरडली, “अगे, कायकू फेंक रई? अब्बा हैं उसमें!”

पुठ्ठ्यावर एक फोटो चिकटवलेला होता. कडा वाळवीने खाल्लेल्या, मधून एक चीर गेलेली; पण माणसे शाबूत होती. मोजली तर नऊ. मागे चार जण उभे, मध्ये खुर्च्यांवर तिघे, पुढे सतरंजीवर दोन पोरे. मधल्या खुर्चीवर नवरदेव, चेहऱ्यावरून सेहरा बाजूला सारलेला. त्याच्या एका हाताला शेरवानी आणि रूमी टोपीतले गृहस्थ, दुसऱ्या हाताला फेटा-धोतरातले एक जण, कपाळावर गंध. पुढे बसलेल्या दोन पोरांपैकी डावीकडचा, पाय जवळ घेऊन कॅमेऱ्याकडे डोळे वटारून बघणारा, तो माझा नाना. बारा वर्षांचा असेल.

लग्नाचा फोटो आहे, पण त्यात नवरी नाही. एकही बाई नाही. निदान पहिल्यांदा बघताना मला तसेच वाटले.

पुठ्ठ्याच्या मागे शाईने काही ओळी लिहिलेल्या होत्या. उर्दूत, घाईच्या हातात. इथे मला खरेच ओशाळायला झाले. मी मराठी माध्यमात शिकलो. लहानपणी मशिदीत कुराण वाचायला शिकलो, त्यामुळे अक्षर ओळखता येते; पण एकात एक गुंतलेली उर्दू हस्ताक्षराची ओळ माझ्या हाती लागत नाही. मामूंना येत नाही, त्यांच्या मुलांना तर नाहीच. आमच्याच घरातल्या आमच्याच माणसांची नावे, आणि घरात ती वाचणारा कोणी नाही.

मामू म्हणाले, “आजोबांकडे चल.” हे आजोबा गल्लीच्या टोकाला राहतात. गळ्यात तुळशीची माळ, आयुष्यभर पंढरीची वारी केलेले. नव्वदीला टेकले आहेत. चौथीपर्यंतची शाळा त्यांनी निजामाच्या राज्यात केली, उर्दूसकट. चष्मा पुसून त्यांनी पुठ्ठा उन्हाकडे धरला आणि अडखळत वाचले, “ब-मौका-ए-शादी. नरसी. माह बहमन, १३५६ फसली.” त्याखाली नऊ नावे. प्रत्येक नावापुढे धंदा लिहिलेला. माझ्या नानाचे नाव माझ्याच नानाच्या फोटोवरून मला एका माळकरी आजोबांनी वाचून दाखवले.

एका तारखेचा अर्थ

फसली म्हणजे पिकांच्या हंगामावर चालणारे साल. सारावसुलीसाठी अकबराच्या काळात ते सुरू झाले आणि हैदराबाद संस्थानाने ते कारभारात शेवटपर्यंत वापरले. महिन्यांची नावे इराणी: आजूर, दै, बहमन, इस्फंदार. फसली सालात ५९० मिळवले की साधारण इसवी सन निघतो. वर्ष ऑक्टोबरात सुरू होई आणि बहमन हा त्यातला तिसरा महिना. म्हणजे हा फोटो १९४६ च्या अखेरचा किंवा १९४७ च्या अगदी सुरुवातीचा.

मराठवाड्याच्या माणसाला ही तारीख ऐकून थांबावे लागते. अजून देश स्वतंत्र व्हायचा आहे. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा संस्थानात शिरायला दीड-पावणेदोन वर्षे बाकी आहेत. खुर्चीवर शेजारी शेजारी बसलेल्या या माणसांना पुढचे काही ठाऊक नाही. त्यांना एवढेच ठाऊक आहे की फोटोवाला काळ्या कपड्याखाली डोके घालून बसला आहे आणि हलायचे नाही.

आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत हैदराबाद संस्थानाचे फोटो कमी नाहीत. उलट भारतातल्या मोजक्या संस्थानांचे इतके उत्तम फोटो निघाले असतील. सहाव्या निजामाचे, मीर महबूब अली खान यांचे, दरबारी छायाचित्रकार होते लाला दीनदयाळ. १८४४ साली मेरठजवळच्या सरधन्यात जन्मलेला हा माणूस रुरकीला अभियांत्रिकी शिकला, इंदूरला बांधकाम खात्यात नोकरीला लागला आणि कॅमेऱ्याच्या नादाने थेट निजामाच्या दरबारात पोचला. निजामाने त्यांना ‘राजा मुसव्विर जंग बहादूर’ असा किताब दिला. एका जैन कलावंताला मुसलमान राजाने ‘मुसव्विर’, म्हणजे चित्रकार, हा किताब देणे त्या दरबारात कोणाला विशेष वाटत नव्हते.

दीनदयाळांनी महाल टिपले, शिकारी टिपल्या, व्हाइसरॉयच्या मेजवान्या टिपल्या. १८९२ साली त्यांनी हैदराबादेत जनाना स्टुडिओ काढला. तिथे कॅमेरा एका इंग्रज बाईंच्या हाती असे आणि पडद्यातल्या बेगमा निर्धास्त फोटो काढून घेत. १८९९-१९०० च्या दुष्काळात औरंगाबादला काढलेले त्यांचे फोटोही आहेत. हाडाचे सापळे झालेली माणसे लंगोटीवर रांगेत उभी आहेत. ते लॉर्ड कर्झनच्या संग्रहात गेले.

म्हणजे संस्थानात सामान्य माणसाचा फोटो निघालाच नाही असे नाही. तो निघाला, पण तो भुकेने मरायला टेकला तेव्हा. धडधाकट होता, सूत कातत होता, कापूस पिंजत होता, पोराचे लग्न करत होता, तेव्हा सरकारी कॅमेऱ्याला त्याच्यात काही बघण्यासारखे दिसले नाही.

दोनच चेहरे

दरवर्षी १७ सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन साजरा होतो. शाळेत असताना मी त्या दिवशीचे प्रदर्शन दरवर्षी बघितले आहे. स्वामी रामानंद तीर्थ, सत्याग्रही, भारतीय रणगाडे, भारतीय सेनापती जे. एन. चौधुरी आणि त्यांच्यापुढे शरण आलेले निजामाचे सेनापती अल इद्रूस. हे सगळे दाखवलेच पाहिजे. निजामाच्या सरंजामी राजवटीविरुद्धचा तो लढा खरा होता आणि कासीम रझवीच्या रझाकारांनी केलेले अत्याचारही खरे होते. त्यात कोणतीही मखलाशी करायचे कारण नाही.

पण त्या प्रदर्शनात मुसलमान किती प्रकारचे दिसत? दोन. एक, हिरेमोत्यांचा निजाम. दुसरा, खाकी घातलेला रझाकार. वर्गातली मुले तिथून बाहेर पडताना माझ्याकडे वळून बघत. मी मनाशी म्हणायचो, माझा नाना या दोघांपैकी कोण होता? तो तर गाद्या भरायचा.

मराठवाड्यातला बहुसंख्य मुसलमान या दोन्ही चित्रांत बसत नाही. तो पिंजारी होता, बागवान होता, मोमीन विणकर होता, कसाई, अत्तार, मणियार, टांगेवाला, छोटा शेतकरी आणि बराचसा शेतमजूर होता. निजामाच्या श्रीमंतीतले त्याच्या वाट्याला काही आले नाही. पोलिस ॲक्शनची किंमत मात्र त्याने मोजली. फौजा आल्यानंतरच्या आठवड्यांत जे घडले ते बघायला पंडित सुंदरलाल यांची समिती १९४८ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात संस्थानात फिरली. तिच्या अहवालात मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार दिला आहे. सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि आमच्या शेजारचा नांदेड होता. अहवाल अनेक दशके बंद कपाटात राहिला. त्याच अहवालात हेही नोंदले आहे की अनेक ठिकाणी हिंदू शेजाऱ्यांनी स्वतःचा जीव धोक्यात घालून मुसलमानांना वाचवले.

या वाक्याचा अर्थ मला नरसीच्या फोटोने समजावला. फेटेवाले गृहस्थ, ज्यांच्या नावापुढे ‘शिंपी’ लिहिले आहे, त्यांच्याबद्दल अम्मी म्हणाली, “इनोच. पोलिस ॲक्शनमें सबकू इनोच छुपाए.” अकरा दिवस आमचे सगळे घर त्यांच्या माळवदावर, कडब्याच्या आड होते. ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकत होतो, पण त्या माणसाला चेहरा नव्हता. आता आहे.

आणि ते या लग्नात खुर्चीवर का बसले, तेही समजते. एकाने कापूस पिंजायचा, दुसऱ्याने खोळ शिवायची, तेव्हा एक गादी तयार होते. पिंजाऱ्याच्या पिंजणाची तांत आणि शिंप्याची सुई, दोघांची चूल एकाच कामावर पेटायची. नामदेव महाराजही शिंपीच होते. त्यांची ६१ पदे शिखांच्या गुरु ग्रंथ साहिबात आहेत, त्यामुळे पंजाबातून भाविक नरसीला येतात आणि आषाढीनंतरच्या परतवारीला गाव माणसांनी भरून जाते. सलोखा हा शब्द भाषणात वापरून वापरून गुळगुळीत झाला आहे. या फोटोत तो धंद्याचा भाग आहे, रोजचा, हिशेबातला.

तसबीर आणि आपण

आमच्या समाजातले काही जण म्हणतील, फोटो नाहीत याचे कारण सरकार नाही, आपणच आहोत. तसबीर नाजायज मानणाऱ्या घरात फोटो येणार कुठून? यात तथ्य आहे, पण अर्धेच. फोटोच्या जायज-नाजायजवर उलेमांत शंभराहून अधिक वर्षे वाद चालू आहे. त्याच काळात मुसलमान हातात कॅमेरा घेऊन फिरतही होते. मदिनेचे पहिले फोटो १८६१ साली काढले ते सादिक बे या इजिप्शियन फौजी अधिकाऱ्याने. मक्केत १८८० च्या दशकात अब्दुल गफ्फार नावाचे एक डॉक्टर हाजींचे फोटो काढत. पुढे हजला जायचे तर पासपोर्ट आणि पासपोर्टला फोटो, म्हणून जन्मभर फोटोला नकार देणारे बुजुर्गही तालुक्याच्या स्टुडिओत जाऊन बसले. आमच्या पाहुण्यांत कित्येकांचा एकुलता एक फोटो तोच आहे.

फोटो न निघण्याचे मोठे कारण गरिबी होते. ते हिंदू गरिबालाही तितकेच लागू आहे. हिंगोलीहून फोटोवाला बैलगाडीत सामान घालून आणणे हा लग्नातला मोठा खर्च होता. साठच्या दशकात बडोद्याला तयार होणारा ॲग्फाचा ‘क्लिक थ्री’ कॅमेरा आला, तेव्हा कुठे मास्तर-तलाठ्यांच्या घरी फोटो दिसू लागले. बायकांच्या बाबतीत तर आणखी उशीर झाला. निवडणूक आयोगाने १९९३ पासून मतदारांना फोटो ओळखपत्र द्यायला सुरुवात केली. खेड्यांतल्या असंख्य बायकांचा आयुष्यातला पहिला फोटो हा त्या कार्डावरचा आहे. मान ताठ, डोळे घाबरलेले आणि नाव बहुतेक वेळा चुकीचे छापलेले.

अमेरिकेतली एक बेनाम बाई

सामान्य माणसाचे जगणे फोटोत सर्वात जास्त सापडते ते अमेरिकेत. कोडॅकने १९०० साली एका डॉलरला ‘ब्राउनी’ नावाचा खोक्यासारखा कॅमेरा बाजारात आणला आणि शाळकरी पोरेही फोटो काढू लागली. म्हणून अमेरिकेच्या जुन्या फोटोंत अंगणातला कुत्रा आहे, धुणे वाळत घातलेली दोरी आहे, व्हरांड्यात बसलेली आजी आहे. मंदीच्या काळात, १९३५ पासून, तिथल्या सरकारने रॉय स्ट्रायकर नावाच्या अधिकाऱ्याच्या हाताखाली छायाचित्रकार गावोगाव पाठवले. लोक संध्याकाळी घरी काय करतात, भिंतीवर काय लावतात, तेही टिपा, असे तो त्यांना लिहून कळवी. त्यातून सुमारे पावणेदोन लाख निगेटिव्ह जमा झाल्या. नापसंत निगेटिव्हला मात्र तो सरळ भोक पाडून टाकी. सामान्य माणसाच्या फोटोवरही शेवटी कोणाची तरी कात्री असतेच.

त्यातला सर्वात प्रसिद्ध फोटो डोरोथिया लँगने १९३६ साली कॅलिफोर्नियातल्या निपोमो इथे काढला. शेतमजुरांच्या छावणीत गालाला हात लावून बसलेली एक आई, दोन्ही खांद्यांवर तोंड लपवलेली मुले. जगाने तो फोटो पाहिला, टपाल तिकिटावर छापला, पण लँगने त्या बाईचे नाव विचारले नव्हते. फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन हे तिचे नाव लोकांना कळले ते १९७८ साली, म्हणजे ४२ वर्षांनी. ती मूळची चेरोकी आदिवासी. या फोटोने आपल्याला काही दिले नाही, ही तिची तक्रार होती. ४२ वर्षे ती ‘गरिबी’ होती. माणूस झाली ती नाव कळल्यावर.

त्याच अमेरिकेतले दुसरे उदाहरण मला अधिक जवळचे वाटते. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांनी ३६३ फोटोंचे अल्बम मांडले. त्या काळात काळा माणूस गोऱ्यांच्या चित्रांत एकतर विदूषक असे किंवा गुन्हेगार. डू बॉइस यांनी त्यावर वाद घातला नाही. त्यांनी फक्त फोटो ठेवले. दुकानासमोर उभा दुकानदार, स्वच्छ कपड्यातली मुले, आपापल्या घरापुढची कुटुंबे. हे आम्ही आहोत, बघा. जॉर्जियातल्या काळ्या माणसाला जे दोन चेहरे चिकटवले होते, त्यावर त्यांनी ३६३ चेहऱ्यांनी उत्तर दिले.

आपल्याकडे ते काम कोणी करायचे? कोणी सरकारी छायाचित्रकार येणार नाही आणि आता आला तरी ती माणसे उरलेली नाहीत. जे काही आहे ते पत्र्याच्या ट्रंकांत, कुराणाच्या जुजदानात, कपाटावरच्या सुटकेसमध्ये आहे आणि घरे भराभर पडताहेत. शिवाय ज्या भाषेत त्यांच्या मागे नावे लिहिली आहेत, ती वाचणारी शेवटची पिढी नव्वदीत आहे. त्यातले कित्येक जण आमच्या आजोबांसारखे माळकरी आहेत. ते गेले की नऊ माणसे ‘जुना फोटो’ होऊन जातील.

दहावे नाव

निघण्याच्या आदल्या रात्री मी मोबाइलवर फोटो मोठा करून अम्मीला दाखवत होतो. नऊ जणांची नावे वहीत लिहून झाली होती. ती इथे छापत नाही, कारण प्रत्येक घराला विचारून झालेले नाही. नवरदेव, नानाचा थोरला भाऊ, १९४८ नंतर आधी हैदराबादला आणि तिथून कराचीला गेला. १९६५ च्या लढाईपर्यंत त्याची पत्रे येत. रूमी टोपीवाले मास्तर होते. एकाचे नाव वाळवीने खाल्ले होते, धंदा तेवढा उरला होता: ‘हज्जाम’. न्हाव्याचे नाव गल्लीतल्या दुसऱ्या एका म्हाताऱ्याने सांगितले.

तेवढ्यात अम्मीने माझा हात धरला. “रुक. बाजू ले.” फोटोच्या अगदी उजव्या काठाला दाराची चौकट आहे आणि चौकटीला टाट लावलेला आहे. मी तो पडदा म्हणून सोडून दिला होता. टाटाच्या कडेला एक हात होता. पडदा धरून बाहेर बघणाऱ्या बाईचा. मनगटात बांगड्या आणि एक जाड कडे, काळ्या-पांढऱ्या फोटोतही चमकणारे.

अम्मी बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “ये कडा मैं देखी सो है. दादीका है.” ते चांदीचे कडे तिने लहानपणी रोज बघितले होते. १९७२ च्या दुष्काळात ते मोडले आणि त्या पैशांत घराने ज्वारी घेतली. त्या वेळी अम्मी सतरा वर्षांची होती. कडे घेऊन दादी सोनाराकडे निघाली तेव्हा ती बरोबर होती.

माझ्या पणजीचा एकही फोटो नाही असे आम्ही आजवर धरून चाललो होतो. तो होता. तिने मुलाचे लग्न पडद्याआडून बघितले आणि कॅमेऱ्याने तिचा हात तेवढा घेतला.

वहीत नऊ नावांखाली मी दहावी ओळ लिहिली. नाव, धंदा आणि कंसात ‘उजवीकडचा हात’. धंद्याच्या जागी काय लिहायचे म्हणून अम्मीला विचारले. ती म्हणाली, “रुई चुनना, सूत कातना, घर चलाना. सब लिख.” सगळे लिहिले.

तुमच्याही घरी अशी एखादी ट्रंक असेल. आज फोटो बाहेर काढा, उलटा करा, मागे काय लिहिले आहे ते बघा. वाचता येत नसेल तर ज्याला येते त्याच्याकडे जा, तो कोणत्याही आळीतला असो. काहीच लिहिलेले नसेल तर घरातल्या सर्वात म्हाताऱ्या माणसाला शेजारी बसवा आणि पेन्सिलीने, मराठीत, नावे लिहा. कडेच्या हातांचीसुद्धा.